कुणाचा तरी पाय मुरगळू दे

शनिवार

सूनबाई हरली.

शेवटच्या सेटमध्ये पुढे होती. मी तर मनातल्या मनात लोकांना हातही हलवून घेतला होता. समोर एक शेंबडी पोर, शाळा सुटल्यावर थेट इकडेच आल्यासारखी दोन वेण्या घालून. तिने सूनबाईला या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात असं फिरवलं की केर काढावा. सूनबाईच्या गुडघ्याची पट्टी घामाने खाली घसरली तर ती वर ओढायलाही कार्टीने फुरसत दिली नाही. हार्ड कोर्ट म्हणजे काय, तर सिमेंटचा ओटा, वर निळा रंग. त्यावर धावून धावून गुडघ्याचं काय होतं ते ज्याचा गुडघा त्यालाच ठाऊक. माझा तर नुसतं बघूनच दुखतो.

हात मिळवताना सूनबाई हसली. मला ते आवडलं नाही. हरल्यावर माणसाने निदान संध्याकाळपर्यंत तरी तोंड पाडून बसावं. नाहीतर समोरच्याला वाटतं, आपण कुणाला हरवलं की जेवायला बोलावलं.

हे असते तर बॅग उचलून म्हणाले असते, "चला, आता घरी." ह्यांना टेनिसमधलं कधी काही कळलं नाही. सून टीव्हीवर दिसली की चेंडू कुठेही पडो, टाळ्या. म्हणून त्यांना सांगितल्यासारखं इथे लिहिते, म्हणजे माझंही डोकं ठिकाणावर येईल.

उद्यापासून मोठी स्पर्धा सुरू. बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी, पण मैदानं तीच आणि आठवडा तोच. ज्यांचा क्रमांक वर, त्या थेट आत. खालच्यांनी आधी आपापसात भांडून थोड्या जागा मिळवायच्या. त्या भांडणाच्या शेवटच्या फेरीत आपण हरलो. पण अजून एक फट आहे. आतल्यांपैकी कुणी पहिला चेंडू मारायच्या आधी माघार घेतली, तर तिची जागा या हरलेल्यांतल्या एकीला मिळते. त्या रांगेत सूनबाई पहिली. अट अशी की रोज सकाळी खेळ सुरू व्हायच्या आधी टेबलावर जाऊन स्वतः सही करायची, आणि मग बुटाच्या नाड्या बांधून दिवसभर तिथेच बसायचं. अशा बाईला ते लकी लूझर म्हणतात. मी म्हटलं, म्हणजे श्रीमंत भिकारी की काय.

पहिली फेरी मंगळवारपर्यंत चालते. तोवर फट उघडी.

ती बंद झाली तर सगळंच बंद. ऑपरेशननंतर तिला काही स्पर्धा जुन्या क्रमांकावर खेळायची सवलत होती, ती आज संपली. मोठ्या स्पर्धेत नाव लागलं तर क्रमांक टिकेल, पुढचं वर्ष फिरता येईल. नाही लागलं तर रॅकेट भिंतीला.

"संपलं तर संपलं, आई," सूनबाई म्हणाली आणि गुडघ्यावर बर्फ ठेवून डोळे मिटले.

मी म्हटलं, जिभेला बर्फ लाव.

देवा, इतक्या बाया आहेत. एकीचा, फक्त एकीचा पाय मुरगळू दे. फार नको. चार दिवसांत बरा होईल एवढाच.

रविवार

दिवसभर गिधाडासारखी बसले.

खेळाडूंच्या बसायच्या खोलीत मऊ कोच आहेत, त्यात माणूस बसला की निघत नाही. भिंतीवर सगळ्या मैदानांचे टीव्ही. सूनबाई खेळायच्या कपड्यात, पट्टी बांधून, बॅग पायाशी. पोटभर खायची सोय नाही, कारण कधी बोलावतील नेम नाही. सकाळी एक टोस्ट, दुपारी एक केळं. मी शेजारी बसून सूप प्यायले आणि फुरके मुद्दाम मोठे मारले. तिने माझ्याकडे असं बघितलं की तिच्याऐवजी मलाच मैदानावर धाडेल.

येणारी जाणारी प्रत्येक बाई मी बाजारात बैल बघावा तशी बघितली. चाल कशी, खांदा कसा, डोळ्याखाली काळं आहे का. एक लाल केसांची शिंकली. मी सूनबाईला कोपर मारलं. ती दुसऱ्यांदा शिंकली तेव्हा मी उठून तिच्याजवळ गेले आणि बरं नाही का गं, अशी चौकशी केली. तर म्हणे माझ्याच अत्तराने शिंका येतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते म्हणतात. इथे कावळा बसून बसून म्हातारा झाला, फांदी टुणटुणीत.

पुरुषांच्या रांगेतला पहिलाही आमच्याच कोचावर होता. त्याला मी झुडूप म्हणते, इतकी दाढी. सूनबाईच्याच वयाचा, म्हणजे या धंद्यात आजोबा. मी त्याला विचारलं, ही दाढी हरल्यापासून वाढवली की जन्मापासून हरतोयस. तो म्हणाला, "मावशी, जिंकलो की तुमच्या हाताने कापा." तेवढ्यात कुणाचं तरी पोट बिघडलं आणि झुडपाला बोलावणं आलं. गडी रॅकेट न घेताच पळाला, मग परत आला, मग माझ्या पाया पडून पळाला.

आणि जिंकला की हो! आयत्या बिळावर नागोबा, पण नागोबाने फणा काढला. खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात सूनबाईने. मी म्हटलं, बघ, असं होतं. असंच तुझंही होणार. तिची टाळी मध्येच थांबली. दमली असेल.

लेकाचा फोन आला. तोच आधी तिला शिकवायचा. आता गावातल्या शाळेमागची मुलांची कोर्टं सांभाळतो. तिथे दोघांनाही काम मिळतंय म्हणे. कसलं काम? पोरांची नाकं पुसायची आणि चेंडू गोळा करायचे. मी आंघोळीला गेले तर ही दोघं फोनवर भरभर बोलतात, मी आले की एकदम हवापाणी. मी म्हटलं, नवरा-बायको आहात, चोर नव्हे, बोला की.

मग त्याने फोन माझ्याकडे द्यायला सांगितला. आई, तू बरी आहेस ना, जेवतेस ना, झोप लागते ना. गुडघा तिचा आणि विचारपूस माझी. असा हा शहाणा.

सोमवार, दुपार

सरावाच्या मैदानामागे रॅकेटला तारा ओढणाऱ्याची टपरी आहे. तिच्या मागे एक बाकडं, सावलीचं. खोलीतल्या कोचाने कंबर धरली म्हणून तिकडे गेले, तर तिथे शिडी बसलेली.

शिडी म्हणजे एकोणीस-वीसची उंच पोर. मोठ्या स्पर्धेत थेट नाव असलेली. उद्या तिचा पहिला सामना. बूट काढून पाऊल मांडीवर घेऊन त्याच्याकडे बघत होती. मी म्हटलं, "काय मोजतेस? बोटं पाचच असतात."

ती हसली. आणि हसता हसता रडायलाच लागली.

माझ्या पिशवीत तेलाची बाटली असतेच, सूनबाईच्या पोटऱ्यांसाठी. पोरीचं पाऊल मांडीवर घेतलं. घोट्याच्या पुढे हाडावर अंगठा गेला तर तिने रुमाल तोंडात कोंबला. मी हात काढला. मग हळूहळू सगळं बोलली. हाडाला केसाएवढी चीर आहे. इथल्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की खेळू नकोस, खेळलीस तर पूर्ण तुटेल, मग पुन्हा या खेळाचं नाव काढू नकोस. पण ती सज्ञान आहे, सक्ती करता येत नाही, तू ठरव म्हणाले. तिचा बापच तिला शिकवतो. त्याला बघितलंय मी, माणूस नव्हे, इस्त्री केलेला शर्ट. त्याचं म्हणणं, डॉक्टर घाबरवतातच, ज्यांना मोठं व्हायचंय ते ऐकत बसत नाहीत.

आता माझ्या मनात काय झालं ते लिहिते. वही माझी, वाचणार कोण.

आनंद झाला. पोरीचं पाऊल माझ्या हातात होतं, तेलाने चकचकीत, थरथरत होतं, आणि मला असा आनंद झाला की हात थांबला. तिला वाटलं मी जपून चोळतेय. म्हणाली, आजी, तुमच्या हाताला गुण आहे.

तेवढ्यात सूनबाई मला शोधत आली. आम्हा दोघींना बघून जागच्या जागी थांबली. माझ्याकडे बघितलं, पावलाकडे बघितलं. मग स्वतःच्या गुडघ्यावरची बर्फाची पिशवी सोडून पोरीला दिली आणि तिच्या पलीकडे बसली. दोघी त्या तारवाल्याच्या जुन्या रेडिओवरून हसल्या, एक गाणं दोघींच्याही नावडीचं निघालं. मी कडेला तेलकट हात घेऊन बसलेली.

जाताना पोर माझ्या कानाशी वाकली. शिडीच ती, वाकावंच लागतं. म्हणाली, "आजी, उद्या सकाळी याल इथे? मला एक विचारायचंय."

सोमवार, संध्याकाळ

जेवताना सूनबाईने विचारलं डॉक्टर काय म्हणाले तिला. मी सांगितलं, आणि उद्या काही विचारायला बोलावलंय तेही. तिने काटा खाली ठेवला. मग विचारलं, "उद्या ती तुम्हाला काय विचारणार?"

मी म्हटलं, लाडू कसे वळायचे ते.

"आई."

खेळू की नको, तेच विचारणार, दुसरं काय, मी म्हटलं. आणि मी काय सांगणार आहे हे तिने विचारायच्या आत पाणी प्यायला लागले. तिने विचारलंच नाही. माझ्याकडे मात्र बराच वेळ बघत राहिली. हे गेले त्या वर्षी ती मला पहिल्यांदा सोबत घेऊन निघाली, तेव्हा विमानात बघत होती तसं. मी पडतेय की काय असं.

ते वर्ष आठवायचं नाही असं ठरवलंय, पण आज बसलेच आहे. माणूस गेल्यावर चहा दोन कप होत राहतो, तेवढंच सांगते. एक प्यायचा, एक गार होऊ द्यायचा, संध्याकाळी ओतून द्यायचा. बोलायला भिंत. चिडवायला तर भिंतही नाही, भिंत रागावत नाही. त्यातच सूनबाईचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले आता पुरे. आणि ही बया एक दिवस येऊन म्हणते, आई, मी पुन्हा खेळणार, माझ्यासोबत टॉवेल धरायला कुणी नाही, तुम्ही चला. जिद्दीची आहे पोरगी. माझ्यासारखीच.

तेव्हापासून मी किती गावं बघितली. किती माणसांना टोपणनावं ठेवली. कुणाला ठाऊक होतं, सातवी शिकलेली बाई जगभरच्या पोरींच्या पोटऱ्यांना तेल लावेल. आणि आता हे सगळं एका परक्या पोरीच्या हाडावर लटकतंय.

तिला "सोड" म्हणणंच खरं आहे. माझी लेक असती तर मी तिला दोरीने बांधून ठेवलं असतं. पण खरं बोलायला जीभ स्वच्छ हवी ना. मी "सोड" म्हटलं तर त्यात किती पोरीची काळजी आणि किती सुनेची जागा, हे मलाच वेगळं करता येत नाही. दुधात पाणी घातल्यावर कोण वेगळं करणार. आणि स्वतःला स्वच्छ दाखवायला "खेळ" म्हटलं आणि ती उद्या सगळ्यांदेखत पडली तर? माझ्या स्वच्छपणाची किंमत तिने पायाने द्यायची?

गप्प बसावं तर गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही.

मंगळवार, सकाळ

सूनबाई माझ्या आधी उठली होती. मैदानावर पोचल्यावर ती टेबलाच्या दिशेने गेली, मी टपरीकडे. वाटेत पुन्हा भेटली, तेव्हा मी विचारलं, झाली का सही. ती म्हणाली, "तुम्ही जा, ती वाट बघत असेल." केस मोकळे सोडले होते. मी म्हटलं, बांध ते, बोलावलं की मग रबर शोधत बसशील.

शिडी बाकड्यावर होती. आज बूट घातलेला, नाड्या मोकळ्या.

मी बसायच्या आधीच बोलून टाकलं. म्हटलं, "मला काही विचारू नकोस. माझी सून रांगेत पहिली आहे. तू सोडलंस तर जागा तिला. माझ्या बोलण्याला काडीची किंमत देऊ नकोस."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "सगळ्यांनाच माहीत आहे, आजी. म्हणून तर तुमच्याकडे आले."

मी म्हटलं, म्हणजे?

ती म्हणाली, "बाबांना मी खेळायला हवी. बुटांच्या कंपनीच्या माणसाला हवी. घरून फोन येतात, टीव्ही लावून बसलोय म्हणतात. डॉक्टर म्हणतात तू ठरव. मला सोड म्हणणारं कुणी नाही. म्हटलं, निदान तुम्ही तरी म्हणाल."

मी आयुष्यात पुष्कळांना चिडवलंय, पुष्कळांच्या फजित्या केल्यात. पण असं कुणी मला उघडं केलं नव्हतं. काल ज्या आनंदाने माझा हात थांबला, तो या पोरीला दिसला होता, आणि तोच मागायला ती आली होती.

मी तिचा चेहरा हातात धरला. म्हटलं, "सोड. पाय तुझा आहे, बापाचा नाही. माझ्या सुनेसाठी सोड म्हणते, आणि तुझ्यासाठीही म्हणते, किती कुणासाठी ते मला विचारू नकोस. पण सोड."

ती उठली आणि नाड्या तशाच लोंबत ठेवून टेबलाकडे गेली. लंगडत गेली. इतके दिवस लपवलेलं लंगडणं तिने आज मोकळं सोडलं.

मी बाकड्यावर बसून राहिले. मग वही काढली. आता नाव पुकारतील.

मंगळवार, संध्याकाळ

नाव पुकारलं. सूनबाईचं नाही. रांगेतल्या दुसरीचं.

मला वाटलं चूक झाली. धावत टेबलावर गेले. तिथल्या चष्मेवालीला म्हटलं, बाई, पहिली माझी सून आहे, तुम्ही एक पायरी सोडून उतरलात. तिने शांतपणे सांगितलं की पहिली आज सही करायला आलीच नाही. मी म्हटलं, आली होती, माझ्या डोळ्यांदेखत इकडे आली. चष्मेवाली म्हणाली, आली होती, मला नमस्कार करून गेली, सही केली नाही. मी विचारलं तर नको म्हणाली.

मी तिला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. दोघाजणांनी मला हाताला धरून बाजूला नेलं. पलीकडे शिडीचा बाप उभा होता. त्याने ओरडून विचारलं की माझ्या मुलीच्या डोक्यात तुम्ही काय भरवलंत. मी म्हटलं, जे तुझ्या डोक्यात नाही ते. पण आवाजात दम नव्हता.

सूनबाई जेवणाच्या खोलीत होती. पुढ्यात तळलेल्या बटाट्यांची ही एवढी ताटली, शेजारी अंडी, केक. साधे कपडे, पायात सपाता, केस मोकळे. गुडघा उघडा. लग्न झाल्यापासून तिला असं भरल्या तोंडाने खाताना मी पाहिलं नव्हतं.

मी समोर बसले.

"काय सांगितलंत तिला?" तिने विचारलं.

"सोड म्हणाले."

"बरोबर सांगितलंत."

"जागा तुझी होती ती," मी म्हटलं. "चालून आली होती. दारात उभी होती. आणि तू दाराला कडी घातलीस?"

तिने बोटं पुसली. म्हणाली, "आई, मी रांगेत असते, तर तुम्ही तिला काहीही सांगितलं असतंत तरी मरेपर्यंत स्वतःला विचारत बसला असतात. पोरीसाठी बोलले की सुनेसाठी. मी तुम्हाला ओळखते. चारचौघांत हसता आणि मग वहीत कोरत बसता. आता तो प्रश्न नाही. तिने सोडलं, आपल्याला काही मिळालं नाही."

"मला आधी सांगायचंस मग."

"सांगितलं असतं तर मानगूट धरून सही करायला लावली असतीत."

"लावलीच असती."

ती हसली. मला हसू आलं नाही. माझ्या आतून काहीतरी चढत होतं आणि ते चिडवणं नव्हतं. मी म्हटलं, तुला काय जातंय, तुला नवरा आहे, काम आहे, गुडघा बरा होईल. मी काय करू? मी परत त्या ओट्यापुढे उभी राहू? दोन कप चहा करू? मला तिथे पाठवू नकोस गं, मी म्हटलं. मी तुझ्या बॅगा उचलते, तुझे मोजे धुते, मला आणखी एक वर्ष दे. एवढ्या लोकांत म्हटलं. शेजारच्या टेबलावरची माणसं खायची थांबली.

सूनबाईने माझा हात धरला. तिचा हात मिठाने खरखरीत झाला होता.

"तुम्ही तिथे एकट्या बसू नये म्हणूनच तर..." ती म्हणाली आणि थांबली.

मी विचारलं, म्हणूनच काय?

"काही नाही. खा," म्हणाली आणि एक बटाटा माझ्या तोंडाशी धरला. मी खाल्ला. गार झाला होता. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मी मनात म्हटलं, चला, उशिरा का होईना, हरल्याचं तोंड तर पाडलं.

बुधवार

रांगेतली ती दुसरी काल दुपारी पहिला सेट जिंकली आणि मग हरली. मी खोलीतल्या टीव्हीवर बघितलं. तिच्या जागी सतत सूनबाई दिसत होती. हा चेंडू तिने घेतला असता, इथे ती पुढे गेली असती. सूनबाई पलंगावर आडवी होऊन घोरत होती. दिवसाउजेडी. खेळाडू घोरतात हे मला ठाऊकच नव्हतं, ती कधी इतकी गाढ झोपलीच नाही.

शिडी भेटायला आली, पायात मोठा थोरला प्लास्टिकचा बूट, बगलेत काठी. बाप बोलत नाही म्हणाली. मी म्हटलं, मग तेवढीच कानाला विश्रांती. माझ्या गळ्यात पडली. मला तिच्याकडे नीट बघवलं नाही. ती बरी होणार, पुढच्या वर्षी याच निळ्या ओट्यावर धावणार, आणि तिला तेल लावायला मी नसणार.

झुडूपही दुसऱ्या फेरीत हरलं. माझ्यापुढे येऊन हनुवटी वर करून उभं राहिलं. मी म्हटलं, हरलास, कापणं रद्द.

गळ्यातला पास चष्मेवालीला परत केला. तिच्याशी मी काल फार वाईट बोलले होते, म्हणून आज तिच्या चष्म्याची दांडी तिरकी बसते एवढंच सांगितलं. पास देताना हात सुटेना. त्यावर माझा फोटो आहे आणि खाली लिहिलंय, खेळाडूची सहकारी. हे असते तर म्हणाले असते, बायको नोकरीला लागली.

सामान भरलं. रॅकेटा तिने नुसत्या बॅगेत टाकल्या, कपड्यात न गुंडाळता. मी काढल्या आणि एकेक गुंडाळल्या. ती म्हणाली, राहू द्या, मुलांनाच द्यायच्या आहेत. मी गुंडाळत राहिले.

त्या शाळेमागच्या कोर्टांबद्दल बोलत होती. एक खोली रिकामी आहे, मुलांच्या आया बसतात तिथे, तुम्ही याल ना, म्हणाली. मी हो म्हटलं नाही. आयांच्या घोळक्यात बसून मी काय करू? माझं सगळं या गेल्या दोन वर्षांत आहे, आणि ती दोन वर्षं तिने त्या बॅगेत कशीही कोंबून टाकली.

गाडी यायच्या आधी लेकाचा फोन आला. सूनबाई खाली गेली होती. आई, बरी आहेस ना, सुरू केलं त्याने. माझा बांध फुटला. म्हटलं, "माझं सोड. तुझी बायको इतकी हट्टी कशी ते सांग. डॉक्टर नको म्हणाले, तू नको म्हणालास, तरी दोन वर्षं तो फाटका गुडघा घेऊन मला सगळीकडे ओढत नेलं. आणि आता जागा समोर आली तर सही करत नाही. मग दोन वर्षं ती खेळली कशासाठी? तेवढं एक विचार तिला."

फोन कट झाला असेल म्हणून मी हॅलो हॅलो केलं.

"आहे मी, आई," तो म्हणाला.

आवाज बसलेला वाटला. त्याला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगितल्या.